आईनस्टाईनचं सोन्याचं लाँजिन्स आणि तुमच्या कपाटातलं घड्याळ

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. अल्बर्ट आईनस्टाईनच्या सोन्याच्या लाँजिन्सला लिलावात एवढी किंमत कशी आली, घड्याळ म्हणून ते तेवढं भारी होतं का, ही पहिली. तुमच्या घरात आजोबांचं एक जुनं सोन्याचं लाँजिन्स आहे आणि ते एका नामवंत शास्त्रज्ञाने त्यांना दिलं असं घरात सांगत आले आहेत, ते खरं की खोटं कसं तपासायचं, ही दुसरी. आणि तपासायला नेण्याआधी सोनाराकडून पॉलिश करून घ्यावं का, ही तिसरी. तिसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच कळायला हवं. पॉलिश करू नका. मऊ कापडाने पुसा आणि डबीत ठेवा. मागच्या झाकणाला ब्रश, टूथपेस्ट, चिंच, ब्रासो यांतलं काहीही लावू नका. का, ते पुढे सांगतोच.

मी गेली ३८ वर्षं पुण्यात घड्याळं दुरुस्त करतोय. वडिलांच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकलो. आता जुन्या घड्याळांचं मूल्यांकनही करतो, आणि त्यात रोजचं अर्धं काम ‘हे अमक्याचं घड्याळ’ हे वाक्य तपासण्याचं असतं. म्हणून आईनस्टाईनच्या घड्याळाचं उदाहरण मी नव्या पोरांना नेहमी देतो. अशा तपासणीत काय मोजलं जातं ते त्या एका घड्याळात अगदी स्वच्छ दिसतं.

१६ ऑक्टोबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँटिकोरम या लिलावगृहाने ते विकलं. अंदाज सांगितला होता २५ ते ३५ हजार डॉलरचा. गेलं ५ लाख ९६ हजारांना. त्या वेळच्या दराने ही रक्कम तीन कोटी रुपयांच्या आसपास जाते. तारीखही लक्षात घ्या. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाल्याला जेमतेम महिना झाला होता, शेअर बाजार कोसळत होते, लोक पैसा धरून बसले होते. तशा दिवसांत एका वस्तूने आपल्या अंदाजाच्या वरच्या आकड्याच्याही सतरा पट उडी मारली.

आता घड्याळ काय होतं ते बघू. १९३० च्या सुमाराचं, १४ कॅरेट पिवळ्या सोन्याचं, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं, म्हणजे पिंपाच्या आकाराचं. धंद्यात या आकाराला टोनो म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळ पुरुषांच्या हातात स्थिरावत होतं आणि त्या दशकात गोल आकार सोडून चौकोनी, आयताकृती, टोनो अशा केसेसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचांची, फॅशन आली होती. दिसायला देखणं, पण त्या काळच्या बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या हातात सहज असेल असं.

धातूचा हिशेब मांडून दाखवतो. या मापाच्या मनगटी घड्याळाच्या केसमध्ये दहा ते पंधरा ग्रॅम सोनं असतं. पंधरा धरू. १४ कॅरेट म्हणजे शेकडा ५८.५ शुद्ध, म्हणजे पावणेनऊ ग्रॅम. २००८ च्या ऑक्टोबरात सोनं ग्रॅमला साधारण सत्तावीस डॉलर होतं. झाले अडीचशे डॉलरच्या आत-बाहेर. सहा लाखांतले अडीचशे. सोनं हा त्या किमतीतला अगदीच नगण्य भाग आहे, आणि घरोघरी लोक घड्याळ आणताना आधी सोन्याचं वजन सांगतात म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडला.

मग मशीन? लाँजिन्सचं मशीन तेव्हा उत्तम असे, यात शंका नाही. सेंट-इमिए हे स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरातलं गाव. तिथे १८३२ मध्ये ऑगस्ट अगासिझ यांनी व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांचे भाचे अर्नेस्ट फ्रांसियों यांनी १८६७ मध्ये ओढ्याकाठच्या ‘ले लाँजिन’ नावाच्या लांबट कुरणांवर कारखाना बांधला आणि विखुरलेल्या घरगुती कारागिरांचं काम एका छताखाली आणलं. कंपनीचं नाव त्या कुरणांचं आहे. त्या कारखान्यातली १९३० च्या आसपासची मशिनं मी अनेक उघडली आहेत. चाकांची टोकं ज्यांत फिरतात अशी पंधरा-सतरा माणकं, तासाला १८ हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. पुलांच्या, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा नीट घासलेल्या, स्क्रूंची डोकी आरशासारखी. पण दुर्मिळ? नाही. अशी हजारो बनली आणि जगभर गेली. आपल्याकडच्या जुन्या घरांतही वेस्ट एंड आणि फाव्र-ल्युबा या कंपन्यांच्या घड्याळांच्या जोडीला अधूनमधून लाँजिन्स निघतंच.

त्या मशीनमध्ये मला आवडणारी एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घड्याळाचा जीव हेअरस्प्रिंगमध्ये असतो, म्हणजे ठोके देणाऱ्या बॅलन्स नावाच्या चाकाला मागे-पुढे झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगमध्ये, आणि जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगचे दोन वैरी: उष्णता आणि चुंबक. उन्हाळ्यात ती सैल पडते, घड्याळ मागे जातं. यावर लोखंड आणि निकेलचे मिश्रधातू शोधून तोडगा काढला तो शार्ल एदुआर गियोम यांनी. स्वित्झर्लंडमधल्या फ्लरिए गावचा, घड्याळजींच्या घराण्यात वाढलेला माणूस. त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्या वर्षाचं, १९२१ चं, आईनस्टाईनना. घड्याळाच्या स्प्रिंगचा धातू आणि प्रकाशाचे कण यांना लागोपाठ एकाच सन्मानाने गौरवलं गेलं, याचा माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला अभिमान वाटायला हवा.

तर सोनं नाही, मशीन नाही. सहा लाख डॉलर होते ते मागच्या झाकणावर. तिथे इंग्रजीत तीन ओळी कोरलेल्या आहेत: प्रोफ. अल्बर्ट आईनस्टाईन, लॉस एंजेलिस, १६ फेब्रुवारी १९३१. नाव, गाव, तारीख. बाकी काही नाही, ‘सप्रेम भेट’सुद्धा नाही. पण तपासणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला मजकूर असू शकत नाही, कारण यातली प्रत्येक गोष्ट बाहेरच्या नोंदींशी ताडून बघता येते.

ताडून बघू. आईनस्टाईन त्या तारखेला लॉस एंजेलिसला असू शकत होते का? बेल्जेनलँड नावाच्या बोटीने ते पत्नी एल्सासह आले, ३१ डिसेंबर १९३० ला सॅन दिएगोला उतरले, आणि भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांच्या निमंत्रणावरून पॅसाडेनाच्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत सुमारे दोन महिने राहिले. पॅसाडेना म्हणजे लॉस एंजेलिसला लागूनच. जानेवारीत ते माउंट विल्सनच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलना भेटले आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी विश्व स्थिर असल्याची आपली जुनी कल्पना सोडत असल्याचं सांगितलं. ३० जानेवारीला चार्ली चॅप्लिनबरोबर ‘सिटी लाइट्स’च्या पहिल्या खेळाला गेले, त्याचे फोटो जगभर छापून आले. प्रकाशाचा वेग मोजणारे वृद्ध शास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसन यांची भेटही तिथेच झाली, त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी. मार्चच्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कहून परत निघाले. म्हणजे १६ फेब्रुवारी हा दिवस त्या मुक्कामाच्या बरोबर आत पडतो. खोटं कोरणाऱ्याला वाटतं नाव कोरलं की झालं. तारीख आणि गाव कोरायला तो घाबरतो, आणि कोरलंच तर तिथेच सापडतो.

माझ्या मते पैसे या तीन ओळींसाठी मोजले गेले. पण विकत घेणाऱ्याच्या मनात आणखी एक गोष्ट असणार, आणि ती मी नाकारणार नाही. हे घड्याळ दुसऱ्या कुणा प्राध्यापकाचं नव्हतं. ते त्या माणसाचं होतं ज्याने घड्याळ म्हणजे काय हा प्रश्न आपल्या विज्ञानात मध्यभागी आणून ठेवला. १९०५ च्या सापेक्षतेवरच्या लेखात अगदी सुरुवातीला तो म्हणतो की ‘गाडी इथे ७ वाजता येते’ या वाक्याचा अर्थ एवढाच: माझ्या घड्याळाचा छोटा काटा ७ वर येणं आणि गाडी येणं या दोन घटना एकाच वेळी घडतात. मग तो विचारतो की घटना दूरच्या गावी घडली तर? तिथलं घड्याळ आणि इथलं घड्याळ जुळलेलं आहे हे कशावरून म्हणायचं? त्या वेळी तो बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत होता, आणि स्वित्झर्लंडमध्ये स्टेशनांची, शहरांची घड्याळं विजेच्या तारांनी एकमेकांशी जुळवण्याचा तो काळ होता. घड्याळं जुळवणं हा आमच्या लोकांचा रोजचा उद्योग. त्यातून त्याने काळाची व्याख्याच बदलली.

त्यामुळे लोक मला हटकून विचारतात की आईनस्टाईनच्या स्वतःच्या घड्याळात सापेक्षता दिसली असती का. मनगटावर तर कधीच नाही. नीट सर्व्हिस केलेलं त्या काळचं घड्याळ दिवसाला दहा-वीस सेकंद इकडे-तिकडे होतं. १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग यांनी सिझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा पूर्वेकडे गेलेली घड्याळं ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. बॅलन्सच्या एका ठोक्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्यात असे वीस कोटी नॅनोसेकंद बसतात. आपल्या फोनला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांना मात्र दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांची ही दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते, नाहीतर नकाशा एका दिवसात काही किलोमीटर सरकेल. पण मनगटावरच्या त्या लाँजिन्सला एवढंच माहीत होतं की सकाळी चावी द्यायची आणि मालक हात आपटणार नाही अशी आशा करायची. धक्का सोसणारी इनकाब्लॉकसारखी योजना तेव्हा अजून यायची होती. केसाएवढ्या बारीक टोकांवर बॅलन्स उभा असे आणि एका आपटीत टोक मोडत असे. १९३० ची घड्याळं चालू अवस्थेत इथवर आली त्यामागे कितीतरी अनाम घड्याळजींचे हात आहेत.

आता तुमच्या घड्याळाकडे.

घरात चालत आलेली गोष्ट खोटीच असते असं मी मानत नाही. माझा अनुभव उलट आहे: गोष्टीचा गाभा बहुतेक वेळा खरा असतो, नाव सरकलेलं असतं. शास्त्रज्ञाने दिलेलं नसतं, शास्त्रज्ञाच्या सत्कार समारंभात मिळालेलं असतं. किंवा शास्त्रज्ञाच्या हाताखाली नोकरी केल्याबद्दल संस्थेने दिलेलं असतं. म्हणून मी आधी माणसांना विचारतो, मग घड्याळाला. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकट्याने भेटा आणि तुम्हाला माहीत असलेली गोष्ट न सांगता त्यांना सांगू द्या. आजीला, आत्याला, काकांना वेगवेगळं विचारा. तिघांच्या सांगण्यात जे समान निघेल ते वहीत तारखेसकट लिहा. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं होतं की ऐकलं होतं. हे लिहिताना कुणाचं चुकतंय असं दाखवू नका.

मग घड्याळ. झाकण मी उघडेन किंवा अनुभवी घड्याळजी उघडेल, तुम्ही चाकूने उघडू नका. जुन्या दाबून बसणाऱ्या झाकणाच्या कडेला जे ओरखडे दिसतात ते नव्वद टक्के घरच्या चाकूचे असतात. आत तीन ठिकाणी बघायचं असतं.

पहिलं, मशीनवरचा नंबर. लाँजिन्सच्या बाबतीत हे आपलं मोठं भाग्य आहे. कारखान्याने जुन्या काळापासून हाताने लिहिलेल्या वह्या जपल्या आहेत. मशीनचा नंबर कळवला की सेंट-इमिएच्या संग्रहातून त्या घड्याळाची नोंद मिळू शकते: कसलं घड्याळ होतं आणि कोणत्या तारखेला कोणत्या देशातल्या एजंटाकडे पाठवलं. ही नोंद मालकाचं नाव सांगत नाही, कारण कारखाना एजंटाला विकायचा, गिऱ्हाइकाला नाही. पण ती तुमच्या घरातल्या गोष्टीला चौकट घालते. समजा आजोबांना घड्याळ १९४८ साली मिळालं असं सांगतात आणि नोंद सांगते की ते १९५३ मध्ये कारखान्यातून निघालं, तर गोष्ट तिथेच संपली. उलट तारीख आधीची आणि एजंट आपल्याकडचा किंवा त्या शास्त्रज्ञाच्या देशातला असेल, तर पुढे चालायला हरकत नाही.

दुसरं, केसमधले शिक्के. स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या जुन्या १४ कॅरेट केसवर खारीचा अगदी बारीक शिक्का असतो, १८ कॅरेटवर स्त्रीचं मस्तक, स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या हेल्वेशियाचं. अमेरिकेत मात्र आयातीवर मोठा कर असल्यामुळे बऱ्याचदा फक्त मशीन यायचं आणि केस तिकडेच बनायची. लाँजिन्सचं अमेरिकेतलं काम न्यूयॉर्कची विटनॉर कंपनी बघायची. अशा घड्याळात केस अमेरिकी, मशीन स्विस, नंबर एकमेकांशी न जुळणारे, खारीचा शिक्का नाही. लोक हे बघून ‘नकली’ म्हणून हात झटकतात. नकली नाही ते. तो त्या काळच्या व्यापाराचा रीतसर पुरावा आहे. तुमच्या आजोबांना घड्याळ देणारा माणूस अमेरिकेत शिकलेला किंवा तिकडून आलेला असेल, तर अशीच केस निघणं गोष्टीच्या बाजूचं आहे.

तिसरं, झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडलेले बारीक आकडे आणि अक्षरं. त्या आमच्या लोकांच्या खुणा. घड्याळ दुरुस्तीला आलं की पूर्वीचे घड्याळजी आत आपली खूण, नंबर, कधी तारीख टाकायचे, म्हणजे पुन्हा आलं की ओळख पटेल. मी स्वतः खुणा करत नाही, कारण आता वहीत नोंद ठेवता येते. पण जुन्या खुणांना मी हात लावू देत नाही. एका घड्याळात मला चार वेगवेगळ्या हातांच्या खुणा मिळाल्या होत्या, त्यातली एक मराठी आकड्यांत. ते घड्याळ कधी आपल्याकडे आलं हे त्या एका खुणेने सांगितलं.

आणि मग बाहेरचं कोरीव नाव, असेल तर. इथे भिंग आणि तिरपा उजेड लागतो, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. हाताच्या कोरणीने कापलेल्या अक्षराची चर व्ही आकाराची असते. उभी रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद, शेवटी पुन्हा बारीक, कारण हात दाब देतो आणि काढतो. चरीच्या आतल्या दोन उतारांवर प्रकाश वेगवेगळा चमकतो. लेझरने जाळलेल्या अक्षराचा तळ सपाट आणि खरबरीत असतो, सगळीकडे सारखीच खोली. हे पाच मिनिटांत कळतं. अवघड असतं ते जुन्या घड्याळावर नुकतंच हाताने कोरलेलं नाव ओळखणं, कारण हाताने कोरणारे कुशल लोक आजही आहेत. तिथे ओरखडे मदतीला येतात. वर्षानुवर्षं वापरलेल्या झाकणावर शेकडो बारीक ओरखडे असतात. अक्षर जुनं असेल तर ओरखडा अक्षराच्या कडेवरून जाताना ती कड थोडी दाबतो, चरीच्या ओठावर त्याचा माग राहतो. अक्षर ओरखड्यानंतर कोरलेलं असेल तर ओरखडा चरीपाशी येऊन स्वच्छ कापला जातो, जणू मध्ये खंदक खणला आहे. आणि जुन्या अक्षराच्या कडा बोटाला गोल लागतात, नव्याच्या टोचतात. झाकण मनगटाला घासतं, घामाने माखतं, त्यामुळे मधलं अक्षर कडेच्या अक्षरापेक्षा जास्त झिजतं. नकली कोरलेल्यात झीज सगळीकडे सारखी असते किंवा नसतेच.

आता कळलं असेल मी पॉलिशला सुरुवातीलाच का अडवलं. वर सांगितलेला प्रत्येक पुरावा धातूच्या कागदाएवढ्या वरच्या थरात आहे. बफच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या, चाकावर झाकण अर्धा मिनिट धरलं की ओरखडे गेले, अक्षरांच्या कडा गोल झाल्या, शिक्का अस्पष्ट झाला. नंतर जुनं आणि नवं कुणालाच वेगळं करता येत नाही, मलाही नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कामाला लागून तिसरं वर्ष होतं. एक निवृत्त मुख्याध्यापक सोन्याचं घड्याळ सर्व्हिसिंगला देऊन गेले. मागे विद्यार्थ्यांनी दिलेलं निरोपाचं वाक्य कोरलेलं होतं, मराठीत, सुरेख वळणाचं, पण झिजत आलेलं. वडील गावाला गेले होते. मी मशीन चोख केलं आणि मग, गुरुजींना आनंद होईल म्हणून, केस बफवर धरली. घड्याळ आरशासारखं झालं आणि वाक्यातले निम्मे शब्द गेले. गुरुजी घ्यायला आले, त्यांनी घड्याळ उलटं केलं, बराच वेळ त्यावर अंगठा फिरवला. मला एक शब्द बोलले नाहीत. पैसे दिले आणि गेले. वडिलांना मी त्याच रात्री सांगितलं. तेव्हापासून माझ्या दुकानात कोरीव अक्षर असलेली केस लेखी विचारल्याशिवाय चाकाजवळ जात नाही, आणि विचारल्यावरही मी शक्यतो नाहीच म्हणतो. मागच्या वर्षीच एक कुटुंब असंच घड्याळ घेऊन आलं. दाखवायला आणायचं म्हणून आधी एका ठिकाणी चकाकून घेतलं होतं. मागे कधीतरी काहीतरी कोरलेलं होतं एवढंच तिरप्या उजेडात दिसत होतं. काय कोरलं होतं ते आता त्या घरातल्या कुणालाही आठवत नाही.

डायललाही हेच लागू आहे. आपल्याकडे जुनी डायल पुन्हा रंगवून घ्यायची फार सवय. मुंबईत रंगवलेल्या भडक डायलची घड्याळं जगभरच्या संग्राहकांत बदनाम आहेत. पिवळी पडलेली, ठिपके आलेली मूळ डायल ही रंगवलेल्या कोऱ्या डायलपेक्षा कितीतरी मोलाची. एक सावधगिरी मात्र घ्या. त्या काळातल्या घड्याळाच्या आकड्यांवर आणि काट्यांवर फिकट पिवळा-तपकिरी, भुसभुशीत रंग असेल, तर तो बहुधा रेडियमचा आहे. अंधारात चमकत नाही म्हणजे संपला असं समजू नका. चमक देणारं झिंक सल्फाइड थकलेलं असतं; रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे, ते तिथेच आहे. बंद काचेत घड्याळ ठेवायला हरकत नाही, पण काच काढून तो रंग खरवडू नका, फुंकर मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

किमतीबद्दल तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण प्रश्नामागे ते आहे, आणि त्यात काही चूक नाही. नाव सिद्ध झालं तर किंमत कुठे जाते ते आईनस्टाईनच्या घड्याळाने दाखवलं. पाच महिन्यांनी, मार्च २००९ मध्ये, त्याच लिलावगृहाने गांधीजींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी असा संच विकला, १८ लाख डॉलरना, आणि तो विजय मल्ल्या यांनी घेतला हे आपल्याकडे सगळ्यांनी वाचलं. तिथे कोरीव नाव नव्हतं. तिथे बोलली ती हातोहात आलेली साखळी: वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली त्याची पत्रं. २०१७ मध्ये पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स न्यूयॉर्कलाच पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. त्याच्या पाठीवर पत्नीने ‘गाडी जपून चालव’ असं कोरलेलं होतं, आणि ते कुणाला दिलं, कधी दिलं हे सांगणारी माणसं हयात होती. तीनही घड्याळं मूळच्या दुकानी किमतीला तशी सामान्यच. नाव आणि वस्तू यांच्यामधला धागा प्रत्येकात तुटलेला नव्हता. तुमच्याकडे तो धागा एखाद्या पोस्टकार्डात, सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेत, आजोबांच्या मनगटावर घड्याळ दिसणाऱ्या फोटोत असू शकतो. घड्याळ ज्या पेटीत होतं त्या पेटीतला एकही कागद फेकू नका, दुकानाची पावती तर मुळीच नाही. फोटो असेल तर तो मूळ प्रत म्हणून जपा. डायलवरच्या सेकंदाच्या छोट्या चकतीची जागा, केसचा आकार, चावीची ठेवण एवढं फोटोत दिसलं तरी मी ताडून बघू शकतो.

विकायचं नसेल तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे का? माझ्या मते अधिकच आहे. विकणाऱ्याला एकदाच पुरावा लागतो. ठेवणाऱ्याच्या घरात मूल मोठं होतं आणि विचारतं, ‘हे खरंच त्यांनी दिलं होतं?’ तेव्हा हातात काहीतरी असलं पाहिजे. आणि पुरावा नाही निघाला तर तेही स्वच्छ लिहून ठेवा: आजोबांचं घड्याळ, लाँजिन्स, अमुक सालचं, शास्त्रज्ञाची गोष्ट आजी सांगत असे. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि त्याने घड्याळ लहान होत नाही.

आता एवढं करा. खिडकीजवळ, दुपारच्या तिरप्या उजेडात, घड्याळ पांढऱ्या कागदावर पालथं ठेवा आणि झाकणाचे तीन फोटो काढा, उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून येईल असे. फ्लॅश बंद ठेवा. चावी फिरवून बघू नका. तेल वाळलेलं असेल तर चालवल्याने माणकांतली टोकं झिजतात. फोटो आणि आजीचं, आत्याचं, काकांचं सांगणं लिहिलेली ती वही घेऊन या. झाकण आपण दोघं मिळून उघडू.